गोकुळ शिरगावची नोकरी सोडून मोटोक्रॉस टीमचा मेकॅनिक व्हावं का?

उचगावचा_क्यूसी

नमस्कार मंडळी. वय २८, मेकॅनिकल डिप्लोमा. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, आमच्याकडं मशीनिंग होतं आणि पार्ट कस्टमरकडं जायच्या आधी माझ्या टेबलावर येतो. बोअर बघ, फ्लॅटनेस बघ, रनआउट बघ, रिपोर्ट लिही, सही कर. हातात ३१ हजार पडतात, बेसिक १५,६००. येत्या दिवाळीला पाच वर्षं पूर्ण होतील. मॅनेजर चांगला आहे, पगार सात तारखेच्या आत होतो, कँटीनची आमटी सोडली तर तक्रार करण्यासारखं काही नाही. हे आधीच लिहितो, कारण "कंपनीत त्रास आहे म्हणून सोडतोयस का?" असं ज्याला-त्याला वाटतं.

कागलच्या अलीकडं एका मित्राचं पडीक माळरान आहे. सगळा मुरूम, मधनं एक ओढा. तिथं आम्ही मोटोक्रॉससाठी, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरच्या बाइक रेससाठी, जेसीबी लावून दोन टेबलटॉप (सपाट माथ्याच्या उड्या) आणि व्हूप्सचा (ओळीनं लागलेल्या उंचवट्यांचा) एक छोटा पट्टा काढलाय. सुट्टीच्या दिवशी पोरं गाड्या घेऊन येतात. बहुतेक हिरोच्या एक्सपल्स, दोघांच्या जुन्या यामाहा आरएक्स, आणि एका सराफाच्या पोराची कावासाकी केएक्स २५०. मीही चालवतो, पण चालवणारा म्हणून मी कोण लागून गेलो नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मला गाडी खोलायला आवडतं. त्यातही सस्पेन्शन. एक्सपल्सचा साधा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) १९० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, प्रो चा २५०, केएक्सचा तर तीनशेच्या पुढं. तिन्ही खोलून आत काय-काय वेगळं आहे ते मी वहीत काढून ठेवलंय. त्या सराफाच्या पोराची गाडी लँडिंगला दाणकन खाली बसायची. मी तेलाची लेव्हल आणि क्लिकर (कडक-मऊ करायचे स्क्रू) बदलून दिले, तेव्हापासनं तो गाडीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

त्याच्यामुळंच पुण्यातल्या एका टीमचा मॅनेजर माळावर आला होता. त्यानं माझी वही चाळली आणि म्हणाला, "सीझनला ये, दोन गाड्या तुझ्या ताब्यात देतो." २२ हजार महिना, राउंडला राहणं-खाणं त्यांचं. हे सगळं तोंडी आणि नंतर फोनवर. सीझन संपल्यावर काय, असं विचारलं तर म्हणाला, "बघू की, काम काय कमी असतंय व्हय."

घरी वडील साखर कारखान्यातनं रिटायर झालेत. आईला बीपी आणि शुगर. दोघंही माझ्या कंपनीच्या मेडिक्लेमवर आहेत. माझ्या लग्नाचं बघायला नुकतीच सुरुवात झाली आहे, आणि घरी ह्यातलं काहीच अजून बोललेलो नाही.

ह्या लाइनमध्ये मेकॅनिक म्हणून आयुष्य काढलेलं कुणी इथं आहे का? पन्नाशीचा रेस मेकॅनिक मी अजून पाहिलेला नाही. ते पुढं जातात कुठं? "स्वप्नांचा पाठलाग कर" हे सांगायला माझ्या व्हॉट्सअॅपवर भरपूर लोक आहेत, त्यामुळं ते कृपया नको.

---

नादखुळा_०९

भावा, विचारतोस काय, सोड की! जाळ आणि धूर संगटच! दोन गाड्या ताब्यात देतोय म्हणतोय आणि तू बेसिक मोजत बसलाईस.

(माझा स्वतःचा राजीनामा गेल्या गणपतीपासनं मोबाईलच्या ड्राफ्टमध्ये आहे, तो विषय वेगळा.)

---

टू_स्ट्रोक_तात्या

ह्या ०९ वाल्याचं ऐकू नकोस. मग माझं ऐक, आणि माझं पण सगळं ऐकू नकोस.

पन्नाशीचा रेस मेकॅनिक बघायचा असेल तर उद्यमनगरात ये. आरएक्स आणि शोगनच्या जमान्यापासून मी हेच करतोय. लेथवरची नोकरी सोडून आलो होतो. तेव्हा परदेशी गाडी फोटोतच बघायची, आरएक्सच्या फोर्कला पॅकिंग घालून आणि हँडलला आडवी पट्टी वेल्ड करून तिलाच मोटोक्रॉस म्हणायचं. यंत्रं घडवणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं गाव हे, इथं काहीच नसलं तरी माणूस काहीतरी घडवतोच.

तू "मला रायडर व्हायचंय" असं लिहिलं असतंस तर मी उत्तरच दिलं नसतं. आता पोरं शाळेत जायच्या आधी ५० सीसीवर बसतात, अठ्ठाविसाव्या वर्षी तिथं सुरुवात होत नाही. नावं सगळ्यांना पाठ असतात. सी. एस. संतोष मोटोक्रॉसमधनंच वर आला, २०१५ ला डकार रॅली (वाळवंटातली लांब पल्ल्याची रेस) पूर्ण करणारा पहिला भारतीय, ३६ वा. हरिथ नोआ नॅशनल सुपरक्रॉस मारत मारत गेला आणि २०२४ ला डकारमध्ये रॅली-२ चा क्लास जिंकला, सगळ्यांत मिळून अकरावा. पण त्यांच्या मागं कंपनीची टीम आहे आणि कोवळ्या वयापासूनची घासाघीस आहे. ती दोन नावं घेऊन कुणी राजीनामा लिहू नये. आशिष रावराणे तर मर्चंट नेव्हीतला कॅप्टन, तो २०२१ ला डकारला उतरला. म्हणजे नोकरी आणि रेस ह्यांचं कायमचं वैर असतं असंही नाही.

मेकॅनिकचं गणित निराळं आहे. रस्त्यावरची गाडी किलोमीटरवर सर्व्हिसिंगला येते, मोटोक्रॉसची तासांवर. होंडा सीआरएफ २५० आर च्या मॅन्युअलात पिस्टन आणि रिंग १५ तासांच्या आसपास बदलायला सांगितलीय. पोरगं आठवड्याला साडेतीन-चार तास प्रॅक्टिस करत असेल तर महिन्याला पिस्टन आला. प्रॅक्टिसच्या गाडीला सगळे ताणतात, मान्य, पण ताणून किती ताणणार? एअर फिल्टर तर प्रत्येक वेळी धुवायचा, तेल लावायचं, पिळायचं, परत बसवायचं. त्यात एकदा हयगय झाली आणि आपल्या माळावरची मुरमाची धूळ आत गेली की सिलेंडर उभा चिरलाच समज. रोजच्या रोज स्पोक, चेन, ब्रेक पॅड, स्प्रॉकेटचे बोल्ट. आता मला सांग, हे नीट करणारी माणसं महाराष्ट्रात आहेत किती? बुलेट खोलणारा चौकात दगड मारला तरी लागेल.

आणि गाड्या वाढल्यात. केटीएमनं २०२४ च्या नोव्हेंबरात ५० एसएक्सपासनं ४५० एसएक्स-एफपर्यंत अख्खी लाइन भारतात आणली. २५० ची किंमत तेव्हा नऊ लाख ५८ हजार. केएक्स २५० आठच्या आसपास. जिला हेडलाइट नाही, आरटीओचा नंबर मिळत नाही, रस्त्यावर काढता येत नाही, अशा गाडीला जो आठ-नऊ लाख मोजतो तो पिस्टनचे पण देतो. उशिरा देतो, चार फोन करायला लावतो, पण देतो.

आता तुझ्याबद्दल. त्या टीमवाल्यानं तुझी वही बघितली, पण तुझी किंमत त्याला कळलीय का, ह्याची मला शंका आहे. कळली असती तर २२ म्हणाला नसता. आमच्यातले निम्मे लोक इंजिन कानानं लावतात. मी पण लावतो, आणि आरएक्सला ते चालतं. पण ह्या २५० फोर-स्ट्रोकमध्ये इनटेकचे व्हॉल्व्ह टायटॅनियमचे असतात. त्याच्यावरचं कोटिंग गेलं की व्हॉल्व्ह सीटमध्ये आत सरकत जातो आणि क्लिअरन्स (मधली फट) कमी-कमी होतो. गाडी आवाज करत नाही, उलट गपगार होते. मग एक दिवस गरम इंजिन स्टार्ट घेत नाही, आणि लोक बॅटरीला शिव्या देत बसतात. तिथं कान काय करणार? तिथं फट मोजायला फीलर गेज पाहिजे, ती जुळवायला शिम (पातळ चकत्या) पाहिजे आणि मागच्या वेळी किती होतं आणि आज किती आहे हे सांगणारी वही पाहिजे. क्रँकचा रनआउट, सिलेंडरचा टेपर, पिस्टनचा क्लिअरन्स ही सगळी तुझ्या रोजच्या टेबलावरची कामं आहेत. तुला मायक्रोमीटर धरायला शिकवावं लागणार नाही. मी ठेवलेल्या पोरांना ते शिकवताना माझे केस गेलेत.

सस्पेन्शनचं म्हणशील तर माळावर शिकलास ते अर्धंच आहे. सुपरक्रॉस म्हणजे मैदानात ट्रकनं माती आणून उभा केलेला ट्रॅक. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, ती बघितली असशील. ट्रिपल (तीन ढिगाऱ्यांची उडी) उडून रायडर पुढच्या उतारावर न पडता सपाटीला पडला की मऊ फोर्क मनगटाची वाट लावतो, म्हणून तिथं कडक स्प्रिंग, कडक व्हॉल्व्हिंग. तीच गाडी उद्या उघड्या माळावरच्या मोटोक्रॉसला लावलीस तर तिसऱ्या लॅपला रायडरचे हात भरून येतात आणि क्लच दाबत नाही. दोन्हीची वेगळी वही ठेव. आणि रायडरला बूट-हेल्मेट-आर्मर सगळं घालून गाडीवर बसवल्याशिवाय सॅग (वजनानं मागचं सस्पेन्शन किती खाली बसतं ते) मोजू नकोस. १०० ते १०५ मिमीमध्ये आण, मग बाकीचं. रिकाम्या गाडीवर सॅग लावणारा हेड मेकॅनिक त्या टीममध्ये दिसला तर तिथनंच कोल्हापूरची एसटी पकड.

राउंडचा दिवस कसा असतो तेही ऐक. आदल्या दिवशी स्क्रूटिनी (तपासणी), कागद, लायसन्स, आवाज, टायर. मग प्रॅक्टिस. रेसच्या दिवशी दोन मोटोंच्या (रेसच्या फेऱ्यांच्या) मधे जो वेळ मिळतो त्यात चिखल धुवायचा, फिल्टर बदलायचा, वाकलेला लिव्हर बदलायचा, पेट्रोल मापून भरायचं आणि रायडरच्या बापाला "काय नाही, बरोबर चाललंय" म्हणायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. रात्री ट्रॉफीचे फोटो रायडर काढतो, तू टेम्पोत रॅचेट बेल्ट आवळत असतोस. हे तुला चालत असेल तरच पुढं वाच.

माझा खरा प्रश्न आहे: पुण्यालाच कशाला? मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर नॅशनल कार्टिंगच्या फेऱ्या आपल्या दारात झाल्यात. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक ही पोरं इथनंच चारचाकीच्या रेसिंगला गेली. सुपरक्रॉस लीगच्या पहिल्या सीझनला सहा टीम होत्या, त्यातली एक मोहित्यांची. त्याच लीगमध्ये ८५ सीसीचा ज्युनिअर क्लास होता. त्या क्लासकडं लक्ष दे. बापलोक पोरांसाठी केएक्स ६५ घेतात, तीन लाखांच्या वर घालवतात, आणि फोर्कचं सील गेलं की गाडी टेम्पोत घालून बेंगळुरूला पाठवतात. महिन्यानं परत येते. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगाव, निपाणी एवढ्या पट्ट्यात नीट फोर्क करणारं एक टेबल नाही. माझं आहे, पण मी इंजिनवाला माणूस, शिम स्टॅक (फोर्कमधल्या चकत्यांची चळत) घेऊन बसायला मला आता डोळे साथ देत नाहीत.

ते "पुढं जातात कुठं" विचारलंस ना, त्याचं उत्तर हेच. टीममध्ये म्हातारा होणारा मेकॅनिक मी पण बघितला नाही. जे टिकले ते टीममधनं गिऱ्हाईकांची वही घेऊन बाहेर पडले आणि स्वतःचं शटर उघडलं. म्हणून टीमकडं जायचं तर शिकायला जा, ओळखीला जा. पेन्शन घ्यायला जाऊ नकोस. जायच्या आधी हे लेखी घे: कुठल्या महिन्यापासनं कुठल्या महिन्यापर्यंत, हत्यारं कुणाची, राउंड रद्द झाला तर पगार चालू का बंद, आणि स्वतःची बाहेरची कामं घ्यायला मोकळीक आहे का. ही शेवटची अट सोडू नकोस. आणि त्यांच्याकडं तुझ्या आधी जो होता तो का गेला, हे त्यालाच फोन करून विचार. मॅनेजरला विचारून उपयोग नाही.

जाता जाता. गावोगावच्या ओपन रेसला ओळखीची पोरं "तात्या, जरा गाडी लावून द्या" म्हणून येतात. पोरगं एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्ट फेडरेशनच्या) लायसन्सवालं असेल आणि रेसला फेडरेशनची परवानगी नसेल, तर कारवाई त्याच्यावर होते. टीममध्ये गेलास की असल्या भानगडीत तुझंही नाव येईल. सरळ नाही म्हणायला शिक.

---

जमाखर्च

मी गाडीतलं काही सांगणार नाही, स्कूटीचं पेट्रोल संपलेलं पण मला उशिरा कळतं. पण राजारामपुरीत अकाउंट्सचं काम करते, आणि तुमच्या प्रश्नातले तीन आकडे मला दिसले.

एक, ग्रॅच्युइटी. पाच वर्षं सलग पूर्ण झाली की शेवटच्या बेसिकवर, डीए असेल तर तो धरून, वर्षाला १५ दिवसांचा पगार, भागिले २६. तुमच्या १५,६०० वर ते वर्षाचे ९,००० होतात, पाच वर्षांचे ४५,०००. दिवाळीच्या आधी सोडलंत तर हे पैसे अडकू शकतात. चार वर्षं २४० दिवसांवर ग्रॅच्युइटी मिळते असं कुणी सांगेल. मद्रास उच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे, पण प्रत्येक कंपनी तो मुकाट्यानं मानते असं नाही, आणि ४५ हजारांसाठी तुम्ही कोर्टाची पायरी चढणार नाही. म्हणून दिवाळी होऊ द्या.

पीएफ काढू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर करपात्र होतो, आणि नंतर काढला तरी तो टूल ट्रॉलीत जाणार हे मला माहीत आहे. यूएएन तसाच ठेवा. उद्या परत नोकरी धरलीत तर सेवा जोडली जाईल, आणि पेन्शनला दहा वर्षं लागतात.

सगळ्यात मोठा विषय मेडिक्लेम. कंपनीची पॉलिसी तुमच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपते. आईबाबा त्यातनं बाहेर पडले आणि मग नवीन पॉलिसी काढायला गेलात तर बीपी-शुगरला वेटिंग पिरियड लागतो, तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. गटाच्या पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि त्यात आधीची वर्षं धरली जातात. पण अर्ज राजीनाम्याच्या आधी करायचा. एचआरला आजच विचारू नका, लगेच कुजबुज होईल. पॉलिसीवरच्या हेल्पलाइनला विचारा.

तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत एक्सक्लुजन ०९ नावाचं कलम वाचा. धाडसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेली इजा त्यात वगळलेली असते, आणि यादीत मोटर रेसिंगचं नाव स्पष्ट आहे. तुम्ही मेकॅनिक, रेसमध्ये उतरणार नाही, त्यामुळं वाद घालायला जागा आहे. पण सेटिंग बघायला म्हणून ट्रॅकवर दोन लॅप मारलेत आणि पडलात, तर क्लेमच्या फॉर्मवर काय लिहिणार? टीमकडून वैयक्तिक अपघात विमा मागा, आणि तुमचं काम "मेकॅनिक, टेस्ट रायडिंगसह" असं लिहून घ्या.

ईएसआयसीची (कामगार विमा योजनेची) पगाराची मर्यादा २१ हजार आहे. ते २२ म्हणतायत, म्हणजे तुम्ही त्याच्या बाहेर. ह्यात योगायोग किती ते तुम्ही ठरवा.

---

नाशिकची_वहिनी

माझे मिस्टर एका टीमबरोबर मेकॅनिक आहेत, म्हणून लिहिते. तात्यांनी मशीनचं सगळं सांगितलं, घरचं मी सांगते.

राउंड शनिवार-रविवारी असतात. लग्नं, बारशी, वास्तुशांती पण तेव्हाच असतात. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात हे हळदीला होते, अक्षतांना नव्हते. माहेरी अजून तो विषय निघतो. पगार चांगला असतो, पण स्पॉन्सरचे पैसे टीमला आले की मग आपल्याला येतो. आमच्या घरात एक तारखेला येणारा एकच पगार आहे, तो माझा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. ह्यांनी नोकरी सोडली तेव्हा माझी नोकरी होती म्हणून आम्ही श्वास घेऊ शकलो, हे ते स्वतः चारचौघांत सांगतात, म्हणून मीही सांगते.

दुसरं, मुलगा पडला की मेकॅनिकच पळतो. रायडरचं कॉलरबोन गेलं की ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्याबरोबर बसायचं, त्याच्या आईला फोन करायचा, हॉस्पिटलमध्ये डिपॉझिट भरायचं. ह्यांच्या पाकिटात आधी रायडरचा रक्तगट आणि घरचा नंबर असतो, मग आमचा फोटो. हे काम कुठल्याही ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं नसतं.

आणि दादा, मुलगी बघायला जाल तेव्हा "पुण्यात टीममध्ये इंजिनियर" असं सांगू नका. "रेसच्या मोटरसायकलींचा मेकॅनिक आहे, महिन्यातले काही दिवस घरी नसतो" असंच सांगा. नकार येतील. येऊ द्या. माझ्या वडिलांना ह्यांनी तसंच सांगितलं होतं, आणि वडील आधी "नाही"च म्हणाले होते.

---

उचगावचा_क्यूसी

सगळ्यांचे आभार. ०९ वाल्या भावाचे पण.

तात्या, टीमवाल्याला तुम्ही सांगितलेलं सगळं विचारलं. हत्यारं माझी. राउंड रद्द झाला तर "बघू". बाहेरची कामं घ्यायला नाही म्हणाला, मग अर्ध्या तासानं परत फोन करून म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी काय करतोस ते मी बघायला येत नाही." हे लेखी दे म्हटलं तर हसला. आधीच्या मेकॅनिकचा नंबर मी दुसरीकडनं मिळवला. तो आता हडपसरला स्वतःचं गॅरेज चालवतो. टीमबद्दल वाईट काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "पावसाळ्यात माझं नाव विसरायचे."

वडिलांना सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी आधी विचारलं, "सीझन किती महिन्यांचा?" मग म्हणाले, "मी कारखान्यात पहिली बरीच वर्षं सीझनल होतो. गाळप बंद झालं की घरी. पण रिटेन्शन, म्हणजे बंद काळातला थोडा पगार, मिळायचं, म्हणून दुसऱ्या सीझनला परत त्याच कारखान्यात जायचो. ते रिटेन्शन देणार आहेत का?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. टीमच्या मॅनेजरला विचारला तर त्याला रिटेन्शन म्हणजे काय हेच आधी समजावून सांगावं लागलं. समजल्यावर, बंद महिन्यांत निम्मा पगार, त्या बदल्यात टीमच्या गाड्यांचं रिबिल्ड कोल्हापुरात बसून करायचं, इथपर्यंत तो आलाय. अजून कागद नाही.

आई म्हणाली, मेडिक्लेमचं होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. जमाखर्च ताई, हेल्पलाइनला फोन केला, तुम्ही म्हणता तशी सोय आहे, कागद मागवलेत. हप्ता ऐकून वडील थोडा वेळ गप्प बसले होते.

तर दिवाळीपर्यंत टेबल सोडत नाही. त्याआधी जो राउंड येईल त्याला बिनपगारी रजा टाकून टीमबरोबर जातो. कंपनीतल्या मॅनेजरला घरगुती कारण सांगणार नाही, खरं कारण सांगणार आहे. वहिनी, तुमचं ते वाक्य आईनं मोठ्यानं वाचलं. मध्यस्थाला तसंच सांगायचं ठरलंय. मध्यस्थ नाराज आहे.

तात्या, एक अडकलंय. त्या केएक्सच्या उजव्या फोर्कच्या आतल्या नळीवर खालच्या बाजूला एका रेषेत झिजल्याची खूण आहे, डाव्यावर नाही. नळी व्ही-ब्लॉकवर फिरवून बघितली, सरळ आहे. बुशला तर नीट माप येतंय. एक्सल सरळ आहे का हे बघायचं राहिलंय. येऊ का घेऊन?

---

टू_स्ट्रोक_तात्या

नळी सरळ असेल तर एक्सल बघच, पण त्याच्या आधी चाक बसवताना पिंच बोल्ट (फोर्कच्या टोकाला एक्सल धरून ठेवणारे) कोण आवळतं ते विचार. पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा दाबायचा, उजवी नळी एक्सलवर आपली जागा आपण घेते, मग पिंच बोल्ट. पोरं आधीच आवळून टाकतात, मग ती नळी वाकडी धरल्यागत चालते.

घेऊन ये. दोन्ही फोर्क, एक्सल आणि चाक पण. सकाळी दहाच्या आधी, नंतर गर्दी असते. कंपनीतलं डायल गेज उचलून आणू नकोस, माझ्याकडं आहे. आणि ती वही आण. ज्युनिअरच्या तीन गाड्या माझ्याकडं पडून आहेत, त्यांच्या बापांना मी "माणूस बघतोय" म्हणून थांबवलंय.